जीवनसत्त्व ई घ्यायचं ठरलं, पण नेमकं कोणतं?

दोन बाटल्या शेजारी ठेवा. दोन्हींवर ‘४०० आययू’ (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक) असं ठळक छापलेलं आहे. मागची बारीक अक्षरं वाचली तर एकीवर ‘डी-अल्फा टोकोफेरॉल’ आणि दुसरीवर ‘डीएल-अल्फा टोकोफेरिल ॲसिटेट’ असं दिसतं. पहिलीतून शरीराला वापरता येईल असं सुमारे २६८ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल मिळतं, दुसरीतून सुमारे १८०. तिसरी बाटली ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ची आणि चौथी ‘टोकोट्रायनॉल’ची असेल, तर आययूच्या आकड्यावरून तुलना करणंच व्यर्थ. म्हणून आधी रेणू पाहू, मग निवड.

आठ रेणू, एक नाव

जीवनसत्त्व ई हे आठ संयुगांचं सामायिक नाव आहे: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे चार टोकोफेरॉल आणि त्याच नावांचे चार टोकोट्रायनॉल. आठही रेणूंना क्रोमॅनॉलचं वलय असतं, त्यावर एक हायड्रॉक्सिल गट आणि बाजूला सोळा कार्बनची लांब शेपटी. वलयावर किती मिथाइल गट आहेत यावरून अक्षर ठरतं. अल्फाला तीन (५, ७ आणि ८ या जागी), बीटाला दोन (५, ८), गॅमाला दोन (७, ८) आणि डेल्टाला एकच (८). टोकोफेरॉलची शेपटी संपृक्त असते, तर टोकोट्रायनॉलच्या शेपटीत तीन दुहेरी बंध असतात. आहारात आणि पूरकांमध्ये बीटाचं प्रमाण इतकं कमी असतं की निवड करताना तो विसरला तरी चालेल.

काम करतो तो हायड्रॉक्सिल गट. पेशीपटलातल्या मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण सुरू झालं की पेरॉक्सिल मूलकं (फ्री रॅडिकल) तयार होतात आणि एकामागून एक शेजारच्या मेदाम्लावर हल्ला करत साखळी पुढे नेतात. अल्फा-टोकोफेरॉल स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतो. मूलकाला मेदाम्लापेक्षा टोकोफेरॉलशी अभिक्रिया करायला सुमारे हजारपट कमी वेळ लागतो. त्यामुळे हजारभर मेदरेणूंमागे एखादाच टोकोफेरॉल असला तरी पटल टिकतं. हायड्रोजन दिल्यावर टोकोफेरॉल स्वतः मूलक बनतो, आणि त्याला पूर्ववत करण्याचं काम मुख्यतः जीवनसत्त्व क करतं. क कमी असताना ई वाढवत नेलं तर हे चक्र अडतं. प्रयोगशाळेत एलडीएलच्या, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, कणांवर असं दिसलं आहे की सोबत दुसरा अँटिऑक्सिडंट नसेल, तर टोकोफेरॉलचं मूलकच ऑक्सिडीकरण पुढे नेऊ शकतं.

परीक्षानळीतली ताकद आणि शरीरातला उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिराती नेमक्या याच फटीत शिरतात. आतड्यातून आठही प्रकार जवळपास सारखेच शोषले जातात, निवड होते ती यकृतात. तिथलं अल्फा-टीटीपी हे प्रथिन टोकोफेरॉल उचलून पुन्हा रक्तात सोडतं. अल्फाशी त्याची जवळीक १०० धरली, तर बीटाशी ती सुमारे ३८, अल्फा-टोकोट्रायनॉलशी १२, गॅमाशी ९ आणि डेल्टाशी २ इतकी. जे उचललं जात नाही त्याची शेपटी यकृतातलं सीवायपी४एफ२ हे विकर छाटायला घेतं. शेवटी उरलेलं आखूड संयुग, म्हणजे सीईएचसी, लघवीवाटे बाहेर पडतं.

नैसर्गिक की कृत्रिम

इथे ‘नैसर्गिक म्हणजे चांगलं’ या भावनेचा काही संबंध नाही. प्रश्न रेणूच्या आकाराचा आहे. टोकोफेरॉलमध्ये तीन असममित कार्बन असतात, म्हणजे ज्यांच्याभोवतीची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते असे. वनस्पती तिन्ही ठिकाणी एकच मांडणी करते, तिला आरआरआर म्हणतात, लेबलवरचं ‘डी’ ते हेच. कारखान्यात ट्रायमिथाइलहायड्रोक्विनोन आणि आयसोफायटॉल जोडून अल्फा बनवतात, तेव्हा आठ वेगवेगळ्या मांडण्यांचं समसमान मिश्रण हाती येतं, तेच लेबलवरचं ‘डीएल’. त्यातल्या चारांमध्ये शेपटी वलयाला जोडते त्या दुसऱ्या कार्बनची दिशा उलटी असते. अल्फा-टीटीपीला ती चालत नाही. अशा एका मांडणीशी, एसआरआरशी, त्याची जवळीक फक्त ११ आहे. ही उलटी रूपं रक्तातून लवकर जातात. आरआरआरचा अर्धायुकाल (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे ४८ तास, तर एसआरआरचा १५च्या आसपास.

मग आययूमध्ये कृत्रिमाला इतकं मानाचं स्थान कसं मिळालं? १९२२मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी हे जीवनसत्त्व शोधलं ते उंदरांवर: त्याच्या अभावी मादीच्या पोटातले गर्भ विरघळून जात. पुढे एककही याच चाचणीवर बेतलं गेलं आणि नैसर्गिक ॲसिटेट कृत्रिमाच्या १.३६ पट ठरलं. माणसांना ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) खूण केलेली दोन्ही रूपं एकत्र देऊन मोजलं, तेव्हा हे प्रमाण २ च्या जवळ निघालं. २०००मध्ये अमेरिकेच्या पोषणविषयक शिफारशींनी हिशेब बदलला आणि कृत्रिमातला अर्धाच भाग गरजेत धरला.

| लेबलवरचं रूप | १ मिग्रॅ = किती आययू | ४०० आययूमधून वापरात येणारं अल्फा |
|---|---|---|
| डी-अल्फा टोकोफेरॉल | १.४९ | २६८ मिग्रॅ |
| डी-अल्फा टोकोफेरिल ॲसिटेट | १.३६ | २६८ मिग्रॅ |
| डी-अल्फा टोकोफेरिल सक्सिनेट | १.२१ | २६८ मिग्रॅ |
| डीएल-अल्फा टोकोफेरॉल | १.१० | १८० मिग्रॅ |
| डीएल-अल्फा टोकोफेरिल ॲसिटेट | १.०० | १८० मिग्रॅ |

तोंडी हिशेबासाठी: ‘डी’ असेल तर आययूला ०.६७ने गुणा, ‘डीएल’ असेल तर ०.४५ने. एक खबरदारी घ्या. नव्या अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर आकडा आधीच मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉलमध्ये दिलेला असतो आणि कृत्रिमाची निम्मी किंमत त्यात धरलेली असते. त्याला पुन्हा निम्मं करू नका.

‘नैसर्गिक’ शब्दाचीही थोडी फोड करायला हवी. सोयाबीन तेल शुद्ध करताना वाफेबरोबर जो भाग निघतो त्यात टोकोफेरॉल असतात, पण मुख्यतः गॅमा आणि डेल्टा. त्यांच्या वलयावर कारखान्यात उरलेले मिथाइल गट बसवले जातात आणि अल्फा तयार होतो. मांडणी वनस्पतीनेच केलेली असल्यामुळे तो आरआरआर राहतो, म्हणून ‘डी’ हे अक्षर खरं ठरतं. तो बियांतून जसाच्या तसा पिळून काढलेला असतो, हा समज मात्र चुकीचा.

निवड सोपी आहे. फक्त कमतरता भरून काढायची असेल तर दोन्ही चालतात, कृत्रिमाची मात्रा वजनाने दुप्पट धरायची इतकंच. कॅप्सूलमध्ये जागा कमी असेल, मात्रा मोठी लागणार असेल किंवा मेदाचं शोषण मुळातच अधू असेल, तर ‘डी’ घ्यावं.

मोकळं की एस्टर

मोकळं टोकोफेरॉल हे घट्ट, फिकट पिवळं तेल असतं. हवा, उजेड, लोह किंवा तांबं मिळालं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते तपकिरी पडतं. ॲसिटेट आणि सक्सिनेट ही एस्टर रूपं, म्हणजे त्यांत हायड्रॉक्सिल गटाला आम्ल जोडून तो झाकलेला असतो, त्यामुळे ते कपाटात दीर्घकाळ टिकतात. त्याच कारणामुळे एस्टर म्हणून ते अँटिऑक्सिडंट नसतात. तेल खवट होऊ नये म्हणून त्यात ॲसिटेटची कॅप्सूल फोडून टाकली तर काहीही होत नाही. ही चूक घरगुती क्रीम करणाऱ्यांमध्ये फार दिसते.

गिळल्यावर स्वादुपिंडातून येणारं विकर एस्टर तोडतं आणि आत मोकळं टोकोफेरॉलच शोषलं जातं. निरोगी माणसात त्यामुळे मोकळं आणि ॲसिटेट यांत जाणवेल असा फरक पडत नाही. स्वादुपिंडाचे स्राव कमी असलेल्यांचं मात्र तसं नाही. त्यांनी मोकळं रूप घ्यावं, किंवा एस्टर घ्यायचंच झालं तर विकराच्या गोळीसोबत, जेवताना. पित्त आतड्यात पोहोचतच नसेल तर मोकळंही नीट शोषलं जात नाही, कारण पित्ताशिवाय मेदाचे सूक्ष्म थेंब बनत नाहीत. अशा यकृतविकारांत, विशेषतः मुलांमध्ये, टीपीजीएस वापरतात. सक्सिनेटला पॉलिइथिलीन ग्लायकॉल १००० जोडून केलेलं हे रूप पाण्यात मिसळतं आणि पित्ताविना आत जातं.

सक्सिनेट ही पांढरी कोरडी पूड असते, म्हणून दाबून केलेल्या गोळ्यांना ती सोयीची. ‘सक्सिनेट कर्कपेशी मारतं’ असं वाचायला मिळतं. पेशींच्या ताटलीत ते खरं आहे, पण तिथे परिणाम अखंड एस्टरचा असतो. तोंडाने घेतलं की एस्टर आतड्यातच तुटतं. त्या निष्कर्षावर गोळी विकणं म्हणजे रसायनशास्त्राकडे सोयीस्कर डोळेझाक.

त्वचेवर काय लावावं? कातडीतली विकरं ॲसिटेट तोडतात, पण हळू आणि अंशतःच. प्रसाधनांत ते ०.५ ते १ टक्का असतं आणि तिथे मुख्यतः स्निग्धतेचं काम करतं. उन्हापासून संरक्षण हवं असेल तर मोकळ्या अल्फाचा पुरावा बरा आहे, तोही एकट्याचा नव्हे: १५ टक्के जीवनसत्त्व क, १ टक्का अल्फा-टोकोफेरॉल आणि ०.५ टक्का फेरुलिक आम्ल या मिश्रणाने प्रयोगांत संरक्षण सुमारे आठपट झालं, फेरुलिकशिवाय ते चारपट होतं. व्रणावर कॅप्सूल फोडून लावण्याची पद्धत मात्र सोडावी. शस्त्रक्रियेनंतरच्या व्रणांवर १९९९मध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसण्यात सुधारणा झाली नाही, उलट एकतृतीयांश जणांना संपर्कजन्य त्वचादाह झाला.

आणि श्वासावाटे कधीही नाही. २०१९मध्ये अमेरिकेत ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या गंभीर इजेची साथ आली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातून काढलेल्या द्रवात टोकोफेरिल ॲसिटेट सापडलं, ते गांजाच्या अर्कात घट्टपणा यावा म्हणून मिसळलेलं होतं. पोटात निरुपद्रवी असलेलं संयुग फुप्फुसात तसं असेलच असं नाही.

अल्फा की गॅमा

गॅमाची बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा रासायनिकदृष्ट्या बिनचूक आहे. वलयाची पाचवी जागा मोकळी असल्यामुळे गॅमा नायट्रोजनची आक्रमक रूपं पकडून ५-नायट्रो-गॅमा-टोकोफेरॉल बनतो. अल्फाच्या त्या जागेवर मिथाइल बसलेला असल्याने त्याला हे जमत नाही. गॅमापासून बनणारं सीईएचसी मूत्रपिंडातून सोडियम बाहेर टाकायला मदत करतं, हेही दिसलं आहे. सोयाबीन आणि मक्याच्या तेलात गॅमा अल्फाच्या कितीतरी पट असतो.

तरीही रक्तात चित्र उलटं. अल्फा साधारण २० ते ३० मायक्रोमोल प्रति लिटर, गॅमा त्याच्या दशांशाच्या आसपास. मोठ्या मात्रेत नुसतं अल्फा घेतलं की गॅमा आणखी खाली येतो. रोज ४०० आययू अल्फा दोन महिने दिल्यावर रक्तातला गॅमा निम्म्याहून कमी झाल्याची नोंद आहे. त्याचा आरोग्यावर काय परिणाम होतो, हे मोठ्या चाचणीने दाखवलेलं नाही. ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ घेण्यामागे हाच एक सावध तर्क आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. पण लेबल नीट वाचा: पुष्कळदा त्यात ९० टक्के डी-अल्फा आणि चवीपुरते बाकीचे असतात. गॅमा, डेल्टाचे मिलिग्रॅम वेगळे छापलेले नसतील तर ते नगण्य आहेत असं धरून चाला. ईच्या कमतरतेवर मात्र गॅमा उपचार नाही. शिफारशींमध्ये त्याचा एक मिलिग्रॅमही मोजला जात नाही.

तेल टिकवायला मात्र क्रम फिरतो. साठवणीच्या तेलात गॅमा आणि डेल्टा अल्फापेक्षा चांगले, आणि अल्फा जास्त झाला तर तो स्वतःच ऑक्सिडीकरणाला हातभार लावतो. खाद्यपदार्थांच्या लेबलवर ई३०६ म्हणजे टोकोफेरॉलयुक्त अर्क, ई३०७ अल्फा, ई३०८ गॅमा आणि ई३०९ डेल्टा. तेलासाठी ई३०६ घ्या, त्यातही गॅमा-डेल्टा जास्त असलेला. नेहमीची मात्रा तेलाच्या वजनाच्या ०.०२ ते ०.१ टक्का. समजा १ किलो तेलाला ०.०५ टक्का, म्हणजे ५०० मिलिग्रॅम टोकोफेरॉल द्यायचं आहे. बाजारातला अर्क बहुधा ५० किंवा ७० टक्क्यांचा असतो, कारण तो वाहक तेलात मिसळलेला असतो. ५० टक्क्यांचा असेल तर १ ग्रॅम लागेल, ७० टक्क्यांचा असेल तर सुमारे ०.७ ग्रॅम. थेंब मोजू नका. द्रव इतका चिकट असतो की थेंबाचं वजन भरवशाचं नसतं. तराजूवर घ्या, थोड्या कोमट तेलात आधी विरघळवा, मग सगळ्यात ढवळा. तेल ताजं असतानाच टाका. खवट वास येऊ लागला म्हणजे पेरॉक्साइड तुटून आल्डिहाइड तयार झालेली असतात, टोकोफेरॉल ती परत घेत नाही. सूक्ष्मजंतूंवरही त्याचा उपयोग नाही, त्यामुळे पाणी असलेल्या क्रीमला वेगळा परिरक्षक लागतोच.

टोकोट्रायनॉल: आकडे मोठे, वास्तव्य छोटं

ॲनाटोच्या (शेंद्रीच्या) बियांतून निघणाऱ्या अर्कात जवळपास ९० टक्के डेल्टा आणि उरलेला गॅमा टोकोट्रायनॉल असतो, टोकोफेरॉल नसल्यातच जमा. पामतेलाच्या अर्कात टोकोट्रायनॉलसोबत पाव हिस्सा किंवा थोडा जास्त अल्फा-टोकोफेरॉल असतो. भाताच्या कोंड्याच्या तेलात गॅमा टोकोट्रायनॉल मुख्य.

‘अल्फापेक्षा ४० ते ६० पट प्रभावी’ हा दावा उंदरांच्या यकृतातल्या सूक्ष्मपटलांवरच्या १९९१च्या प्रयोगातून आला आहे. माणसाच्या रक्तात टोकोट्रायनॉलचा अर्धायुकाल सुमारे चार तास, आणि पूरक घेऊनही पातळी साधारण १ मायक्रोमोलच्या आसपास राहते. म्हणजे ४० पट ताकदीचा रेणू विसावा भाग प्रमाणात, तोही दिवसाचा थोडाच वेळ. कोलेस्टेरॉलबद्दलचा दावा जरा अधिक ठोस आहे: गॅमा आणि डेल्टा टोकोट्रायनॉल एचएमजी-सीओए रिडक्टेज या कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराचा नाश घडवून आणतात. पेशी आणि प्राण्यांमध्ये हे चांगलं दिसतं, माणसांतल्या चाचण्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांऐवजी ते घेण्यासारखा पुरावा नाही.

तरी वापरून पाहायचंच असेल, तर या हेतूसाठी ॲनाटोचा अर्क पामपेक्षा सयुक्तिक, कारण सोबतचं अल्फा-टोकोफेरॉल टोकोट्रायनॉलच्या या परिणामाला अडथळा करतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळलं आहे. रिकाम्या पोटी घेऊ नये, शोषण फार घटतं. आणि अल्फाची कॅप्सूल त्याच वेळी नको.

खरं तर मेदाची अट सगळ्याच रूपांना लागू आहे. खूण केलेलं ई नाश्त्यासोबत दिलेल्या एका प्रयोगात, नाश्त्यात मेद नसताना सुमारे १० टक्के शोषलं गेलं, ऊर्जेचा पाचवा भाग मेदातून असताना ३३ टक्के. रूप बदलण्यावर डोकं खपवण्याआधी वेळ बदलून पाहावी.

किती, आणि कोणासाठी

प्रौढांसाठी अमेरिकेची शिफारस रोज १५ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल, युरोपची पुरुषांना १३ आणि स्त्रियांना ११. मूठभर बदाम, म्हणजे ३० ग्रॅम, निम्मी गरज भागवतात. गव्हांकुराच्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात २० मिलिग्रॅम असतं. पूरकांची वरची मर्यादा अमेरिकेत १,००० मिलिग्रॅम, तर युरोपात ३००. इतकी तफावत असताना आम्ही युरोपचा आकडा धरू, कारण मोठ्या चाचण्यांनी मोठ्या मात्रेला फारसा कौल दिलेला नाही.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज ५० मिलिग्रॅम कृत्रिम ॲसिटेट दिलं. १९९४च्या निकालांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, प्रोस्टेटचा घटला, मेंदूतल्या रक्तस्रावाचे मृत्यू मात्र वाढले. प्रोस्टेटचा धागा पकडून सिलेक्ट चाचणीत ३५,५३३ पुरुषांना घेतलं गेलं आणि त्यांतल्या ई गटाला रोज ४०० आययू कृत्रिम ॲसिटेट दिलं. २०११मध्ये दिसलं की प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला. ‘कृत्रिम होतं म्हणून असं झालं’ हा बचाव हृदयविकारापुरता तरी टिकत नाही: होप चाचणीत ४०० आययू नैसर्गिक ई दिलं होतं, फायदा झाला नाही, आणि पुढच्या पाठपुराव्यात हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

फायदा दिसलेल्या जागा थोड्या आणि नेमक्या आहेत. मधुमेह नसलेल्या, यकृताच्या तुकड्यावरून (बायॉप्सीवरून) मेदजन्य यकृतदाहाचं निदान झालेल्यांना ९६ आठवडे रोज ८०० आययू आरआरआर अल्फा दिल्यावर ४३ टक्के जणांत सुधारणा दिसली, निष्क्रिय गोळीवर १९ टक्क्यांत (२०१०). हा निकाल मधुमेहींना किंवा केवळ सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ दिसलेल्यांना लावता येत नाही. दृष्टिपटलाच्या वार्धक्यजन्य झिजेसाठीच्या सूत्रात ४०० आययू ई आहे, पण सोबत क, जस्त, तांबंही आहे, त्यामुळे श्रेय एकट्या ईला देता येत नाही.

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा सुरू करू नये. ई जीवनसत्त्व के-च्या कामात अडथळा आणतं आणि रक्तबिंबिकांचं चिकटणंही कमी करतं. लोहाची गोळी सोबत असेल तर मोकळं टोकोफेरॉल वेगळ्या वेळी घ्यावं, लोह त्याचं आतड्यातच ऑक्सिडीकरण करू शकतं.

खरी कमतरता केवळ आहारामुळे क्वचित होते. ती होते मेदाचं शोषण बिघडल्याने किंवा अल्फा-टीटीपीचं जनुक सदोष असल्याने. या जनुकदोषात प्रौढांना रोज ८०० ते १,५०० मिलिग्रॅम आयुष्यभर लागतं. इथे वरच्या मर्यादेचा आकडा लागू नाही आणि मात्रा तज्ज्ञच ठरवतात. लक्षणं चेतासंस्थेची असतात: गुडघ्याचे प्रतिक्षेप जाणं, चालताना तोल जाणं, पायांना स्थानाचं भान न उरणं. लवकर सुरुवात केली तर आजार थांबतो, उशीर झाला तर झालेली इजा पूर्ण भरून येत नाही. तपासणीत रक्तातलं अल्फा-टोकोफेरॉल १२ मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. पण टोकोफेरॉल मेदाच्या कणांवर बसून फिरतं. पित्त अडलेल्या रुग्णाच्या रक्तात मेद खूप वाढलेला असतो आणि त्यामुळे ईचा नुसता आकडा खोटाच सामान्य दिसतो. अशा वेळी प्रयोगशाळेकडून एकूण मेदाशी गुणोत्तर मागून घ्यावं. १ ग्रॅम मेदामागे ०.८ मिलिग्रॅमपेक्षा कमी टोकोफेरॉल म्हणजे कमतरता, मग साधा आकडा काहीही असो.